रायडिंग मोवरला नवीन ब्लेड टाकली तरी गवतात पायऱ्या पडतायत, स्पिंडल गेलाय का?

अंगणवेडा

नमस्कार मंडळी. रायडिंग मोवर आहे (बसून चालवायचं गवत कापायचं मशीन), ४२ इंची डेक, म्हणजे ब्लेड झाकणारं खालचं पत्र्याचं कवच, दोन ब्लेड. मशीन आठ वर्षांचं पण इंजिन एकदम ठणठणीत, पहिल्या किल्लीला सुरू होतं. त्रास आहे तो कापणीचा. सरळ पट्टा मारून मागे वळून बघितलं की उजव्या ब्लेडच्या वाटेला एका कडेला गवत पार मुळापर्यंत खरवडलेलं आणि दुसऱ्या कडेला उंच, स्पष्ट पायरी दिसते, आणि दोन ब्लेडच्या मधे बोटभर रुंद ओळ तशीच उभी राहते. तीच ओळ परत मारायला गेलं की पायरी अजून खोल होते.

आधी वाटलं धार गेली असेल म्हणून धार लावली, काही फरक नाही. मग नवीन ब्लेड आणून टाकली, तरी तेच. आता गेले दोन-तीन आठवडे ब्लेड चालू केली की खालून घरघर येते आणि सीटवर बसल्या बसल्या थरथर जाणवते. एक गोष्ट सांगून ठेवतो, दर वेळी कापून झालं की मी डेक खालून पाण्याच्या पाइपनं धुतो आणि मशीन तसंच झाकून ठेवतो.

विचारायचं हे की हे स्पिंडलचंच, म्हणजे ब्लेड ज्या फिरत्या दांड्यावर बसतं त्या भागाचंच काम आहे हे नक्की कसं ओळखायचं, नुसती बेअरिंग बदलून भागतं का पूर्ण स्पिंडल घ्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूचे एकदम करायचे का? माझ्याकडे सॉकेट सेट, हातोडी, वाइस एवढंच आहे, बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस नाही. मशीनवर जीव आहे, ते नीट करून वापरायचंय.

पाना_सॉकेट

लक्षणं स्पिंडलचीच वाटतायत पण सामान मागवायच्या आधी अर्धा तास मोजमापाला द्या, कारण पायरी पडायची कारणं चार-पाच आहेत आणि त्यातली दोन फुकटात सुटतात.

सगळ्यात आधी टायरची हवा. डेक मशीनला लटकलेला असतो, एका मागच्या टायरमधे हवा कमी असली की सगळं मशीन त्या बाजूला कलतं आणि डेकपण. दोन्ही बाजूला सारखी हवा भरा, पुस्तिकेत लिहिलीय तेवढी. मग डेकच्या आत बघा, वाळलेल्या गवताचा थर चिकटलेला असेल तर खरवडून काढा, ब्लेड फिरताना जी हवा वर ओढली जाते तिच्यावरच गवत उभं राहतं, आत जागा नसेल तर गवत आडवं होऊन न कापता राहतं. आणि ब्लेड उलटी तर बसली नाहीत ना हे पण बघा, मागची वळवलेली कड वर डेककडे पाहिजे. हसण्यावारी नेऊ नका, ही चूक चांगल्या हातांकडून होते.

आता स्पिंडल. किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा, जाड हातमोजे घाला. डेक सगळ्यात खाली असताना हात जात नाही म्हणून मशीन पुढून रॅम्पवर चढवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, हे मी कुणालाही सांगताना दोनदा सांगतो. नुसत्या जॅकवर नाही.

१) ब्लेडचं टोक धरून वर-खाली हलवा. चांगल्या स्पिंडलला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जवळपास शून्य असतो. टोक टकटक हलत असेल तर बेअरिंग गेलं किंवा हाऊसिंगचे (स्पिंडलच्या बाहेरच्या कवचाचे) बोल्ट ढिले.

२) हे हलवताना दुसऱ्याला वरून बघायला सांगा. हाऊसिंग डेकच्या पत्र्यावर हलतंय का? हलत असेल तर दोष बोल्टमधे किंवा पत्र्यात. हाऊसिंग स्थिर आणि नुसता शाफ्ट (आतला फिरणारा दांडा) हलतोय तर बेअरिंग.

३) बेल्ट काढून ब्लेड हातानं सावकाश फिरवा. खडखड, खरखर, मधेच अडकणं, यातलं काहीही असलं तर बेअरिंग गेलं समजा. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला आणि मूठ कानाला लावली की अजून स्वच्छ ऐकू येतं.

४) हे मात्र मशीन सपाट फरशीवर उतरवून करा. ब्लेडचं एक टोक पुढे करून फरशीपासून उंची मोजा, मग अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणून मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ब्लेड वाकलंय किंवा शाफ्ट वाकलाय. कुठलं ते कसं कळणार? शाफ्टवर खडूची खूण करा, ब्लेड काढून अर्धा फेरा फिरवून परत लावा आणि पुन्हा मोजा. खालचं टोक ब्लेडबरोबर गेलं तर ब्लेड वाकडं, खुणेपाशीच राहिलं तर शाफ्ट वाकडा.

आकडे इथे टाका मग पुढचं बोलू.

अंगणवेडा

धन्यवाद दादा, आज सकाळीच बसलो. टायरमधे फरक होता, उजव्या मागच्यात हवा कमी होती, भरली. डेक आतून स्वच्छ आहे, ब्लेड सरळ बाजूनं आहेत.

डावा स्पिंडल: प्ले नाही, दोन टोकांत १ मिमी फरक, हातानं गुळगुळीत फिरतो.

उजवा: टोक हातानं ६-७ मिमी वर-खाली होतं! मोजायला गेलो तर दर वेळी वेगळाच आकडा येतो, म्हणजे कुठल्या बाजूला दाबलं त्यावर अवलंबून. फिरवला की वाळूत फिरवल्यासारखा आवाज. आणि बायको वरून बघत होती, ती म्हणाली की हाऊसिंगपण किंचित उचललं जातंय, मागच्या एका बोल्टच्या बाजूनं.

हवा भरल्यावर थोडी पट्टी मारून बघितली, पायरी कमी झाली पण आहेच.

बेअरिंगकाका

तुमच्या सौभाग्यवतींची नजर चांगली आहे, हाऊसिंग उचललं जातंय हे बहुतेक जण बघतच नाहीत आणि नवीन बेअरिंग टाकूनही पायरी राहिली म्हणून परत विचारायला येतात.

मी आयुष्यभर मशीन मेंटेनन्समधे काढलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. एवढ्याशा बेअरिंगमुळे एवढी मोठी पायरी का पडते ते समजून घ्या. स्पिंडलमधे वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंग, त्यांच्यातलं अंतर समजा ६० मिमी. ब्लेडचं मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर साधारण २७० मिमी. आता खालच्या बेअरिंगमधे फक्त अर्धा मिमी झीज झाली तर शाफ्ट तेवढा तिरका होतो आणि टोकाला तो अर्धा मिमी साडेचार पट होऊन सव्वादोन मिमी होतो. एक टोक सव्वादोन खाली आणि समोरचं सव्वादोन वर, म्हणजे दोन टोकांत साडेचार मिमीचा फरक. बेअरिंग हातात घेऊन बघितलं तर तुम्ही म्हणाल यात काय एवढं झिजलंय, पण गवताला ते दिसतं. त्यात हाऊसिंगचा बोल्ट ढिला, म्हणजे अख्खा स्पिंडलच कलतोय. तुमची एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला उंच अशी कायमची पायरी त्या बोल्टमुळे असणार, आणि घरघर व थरथर बेअरिंगमुळे.

आणि हे काम लांबवू नका. मोवरच्या ब्लेडच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ९६ मीटर, आणि बरीचशी मशीन त्या मर्यादेच्या फार खाली नसतात. एवढ्या वेगात फिरणारं ब्लेड ज्याच्यावर टांगलंय तो स्पिंडल डुलत असताना मशीन चालवू नका.

आता काम. डेक काढूनच करा, मशीनखाली झोपून होत नाही. बेल्टचा मार्ग आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डेक खाली करा, बेल्ट इंजिनच्या पुलीवरून उतरवा, लटकणाऱ्या पट्ट्यांच्या पिना काढा आणि डेक बाजूनं ओढून काढा.

वरचा पुलीचा नट हाऊसिंग डेकवर असतानाच सोडवा. हे लक्षात ठेवा, कारण हाऊसिंग काढून वाइसमधे धरून नट सोडवायला गेलं की अॅल्युमिनिअमला चीर जाते. ब्लेड आणि डेकच्या कडेमधे लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे शाफ्ट फिरणार नाही. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बहुतेक मशीनवर आटे नेहमीसारखेच असतात पण काहींवर उलटे आहेत, तेव्हा जोर लावायच्या आधी पुस्तिका उघडा.

हाऊसिंग हातात आलं की शाफ्ट वरून लाकडी हातोडीनं ठोकून खाली काढा. मग आतून पंच घालून बेअरिंग थोडं-थोडं, एकदा इकडून एकदा तिकडून ठोकत बाहेर काढा. दोन बेअरिंगच्या मधे एक नळी असते, स्पेसर. ती नळी जपा! ती गवताच्या कचऱ्यात कधी पडते कळत नाही आणि तिच्यावाचून जोडलं तर वरचा नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात, गोळ्यांवर बाजूनं ताण येतो आणि नवीन बेअरिंग दोन-चार कापण्यांत जळतं. माझ्याकडे आलेल्या 'नवीन बेअरिंग टिकत नाही' तक्रारींत स्पेसर हरवलेला किंवा आखूड बसवलेला हे कारण वारंवार निघालंय.

बेअरिंगचा नंबर सीलवर कोरलेला असतो, त्यावरूनच नवीन आणा, मशीनच्या नावावरून नको. ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिमी. ६२०४ असेल तर २०-४७-१४. ६२०५ असेल तर २५-५२-१५. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो. पुढे '२आरएस' असलेलं घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. 'झेडझेड' म्हणजे पत्र्याचं झाकण, ते धूळ थोडी अडवतं पण पाणी नाही.

प्रेसवाचून बसवायचं तर बेअरिंग रात्रभर फ्रीजरमधे पिशवीत बांधून ठेवा आणि हाऊसिंग गरम हवेच्या गननं हात लावता येणार नाही इतपत तापवा. तापल्यावर अॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे बेअरिंग बरेचदा हलक्या ठोक्यातच आत जातं. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर, जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून तिच्यावर ठोका. आतल्या रिंगवर एक जरी जोरदार फटका बसला तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं.

जुनं_इंजिन

काकांचं सगळं मान्य, एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. आठ वर्षांचा स्पिंडल आणि इतका प्ले, मी पूर्ण नवीन स्पिंडलच टाकेन. बाहेरची रिंग हाऊसिंगमधे फिरत राहिली असेल तर भोक मोठं झालेलं असतं, नवीन बेअरिंग त्यात अंगठ्यानं आत जाईल आणि महिन्याभरात परत डुलायला लागेल. शाफ्टपण बघा, बेअरिंग बसतं तिथे चर पडली असेल तर तो गेला.

आणि नवीन हाऊसिंगला बहुतेक वेळा आटे पाडलेले नसतात, जाड बोल्ट स्वतःच आटे पाडत आत जातात, तेव्हा ते सरळ धरून सावकाश आवळा, इम्पॅक्ट गननं फडफड करू नका.

बेअरिंगकाका

भोक मोठं झालं असेल तर तुमचं बरोबर, तिथे वाद नाही. पण ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. बेअरिंग काढताना जोर लावावा लागला आणि भोकाच्या आत चकचकीत घासल्याची रेघ नसेल तर हाऊसिंग चांगलं आहे, ते फेकायला माझा हात उचलत नाही. अंगणवेडा, तुम्ही बघा आणि ठरवा.

हिरवी_ओळ

दोन गोष्टी माझ्याकडून, कारण माझ्या मशीनचा हाच आजार मी दोन वेळा काढलाय.

हाऊसिंग काढलं की खालचा पत्रा वायर ब्रशनं घासून स्वच्छ करा आणि बोल्टच्या भोकांभोवती बारीक भेग गेलीय का ते उजेडात नीट बघा. माझ्या डेकला भोकापासून भोकापर्यंत केसासारखी भेग होती, रंगाखाली दिसतच नव्हती, आणि मी पहिल्यांदा स्पिंडल बदलून तसंच जोडलं होतं. पत्रा चिरला असेल तर वरून जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी लागते.

दुसरं धुण्याचं. ताई म्हणून सांगते, धुणं वाईट नाही, धुऊन तसंच ठेवणं वाईट आहे. स्पिंडल कापताना गरम झालेला असतो, त्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. मी आता आधी मशीन निवू देते, पाणी वरून स्पिंडलच्या डोक्यावर मारत नाही, आणि धुतल्यावर दोन-तीन मिनिटं ब्लेड रिकामी फिरवते म्हणजे पाणी उडून जातं. बहुतेक वेळा तर नुसतं लाकडी पट्टीनं खरवडते.

पाना_सॉकेट

ग्रीसचं पण सांगून ठेवतो. हाऊसिंगला ग्रीसचं निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलं म्हणून ग्रीस बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोचतं असं नाही. दोन्ही बाजूनं सील असलेलं बेअरिंग टाकलं तर ग्रीस फक्त मधल्या पोकळीत भरतं. मी आतल्या बाजूचं सील टोकदार सुरीनं उचलून काढून टाकतो, बाहेरचं तसंच ठेवतो, मग निपलमधून दिलेलं ग्रीस गोळ्यांना मिळतं. पण मग गननं दोन पंपच, जास्त दाबलं तर बाहेरचं सील निसटतं आणि वाट मोकळी होते. निपल नसेल तर सील अजिबात काढू नका.

अंगणवेडा

मंडळी, उघडलं! आणि आत जे निघालं ते बघून वाईट वाटलं. ब्लेड काढलं तर खालच्या बेअरिंगच्या तोंडाशी शाफ्टला प्लास्टिकची दोरी गुंडाळलेली, इतकी घट्ट की कापून काढावी लागली. रोपं बांधायला वापरतो तीच, गवतात पडली असणार. तिनं सील कापलं आणि मग माझं धुतलेलं पाणी सरळ आत. बेअरिंगमधून तपकिरी चिखल निघाला, गोळ्या धरणारी जाळी तुटलेली. वरचं बेअरिंग त्यामानानं बरं होतं पण दोन्ही बदलली.

नंबर ६२०३-२आरएस निघाला. हाऊसिंगचं भोक चांगलं होतं, काका म्हणाले तसं जोर लावूनच निघालं, शाफ्टलाही चर नाही, म्हणून स्पिंडल ठेवला. स्पेसर आधी डब्यात ठेवला, मग बाकीचं काम. फ्रीजर आणि गरम हवेची युक्ती जमली, पाच-सहा ठोक्यांत बसलं. मागच्या बोल्टचे आटे गेले होते, पण भोक आरपार होतं म्हणून लांब बोल्ट घालून वरून लॉक नट लावला. पत्र्याला भेग नाही, ताईंनी सांगितलं म्हणून घासून बघितलं. निपल नाहीये, त्यामुळे सीलला हात लावला नाही.

जोडल्यावर टोकाचा प्ले शून्य, दोन टोकांत फरक १ मिमी. घरघर गेली, थरथर गेली, पायरी जवळजवळ गेली. दोन ब्लेडच्या मधली ओळ मात्र अजून आहे, आधीपेक्षा बारीक, पण आहे. काय राहिलं?

बेअरिंगकाका

वा! छान काम केलंत.

डेक काढून परत लावला की लेव्हल करावाच लागतो. सपाट जागी, हवा सारखी भरून, डेक नेहमीच्या कापायच्या उंचीवर ठेवून दोन्ही ब्लेड आडवी करा आणि डावीकडचं बाहेरचं टोक, उजवीकडचं बाहेरचं टोक जमिनीपासून मोजा. ३ मिमीच्या आत आणा. मग ब्लेड उभी, पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडं खाली पाहिजे, मशीनप्रमाणे ३ ते १० मिमी.

मधल्या ओळीचं कारण मात्र वेगळं असू शकतं. दोन ब्लेड एका रेषेत नसतात, एक थोडं पुढे असतं, आणि पुढे जाताना दोघांचे पट्टे मधे थोडेसेच एकमेकांवर येतात. तेवढ्याच रुंदीवर सगळी मदार. टोकं झिजून गोल झाली किंवा ब्लेड थोडं आखूड असलं की ती रुंदी संपते. नवीन ब्लेड जुन्याशेजारी ठेवून बघितलं होतं का? एका टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजा.

अंगणवेडा

काका, मोजलं. नवीन ब्लेड जुन्यापेक्षा १२ मिमी आखूड आहे. मधलं भोक जुळलं म्हणून लांबी बघितलीच नव्हती.

जुनी ब्लेड टाकून दिली नव्हती. तीच परत धार लावून, भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून लटकवून तोल बघून, जड बाजू थोडी घासून बसवली. डेकपण लेव्हल केला, डावी-उजवी २ मिमी, पुढे ६ मिमी खाली. मधली ओळ गेली. योग्य लांबीची ब्लेड मागवलीयत, येईपर्यंत जुनीच चालवतो, आणि गवतातल्या दोऱ्या वेचायचं काम आता कापायच्या आधी पोरांना देतोय.